हंगामात मागे राहणाऱ्या आजी-आजोबांची नोंद घ्या : ऊसतोड कामगार कल्याण महामंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, पदाधिकारी आणि अधिकारी,
लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ,
महाराष्ट्र राज्य.

विषय : ऊसतोडीच्या काळात नातवंडांचा सांभाळ करणाऱ्या आजी-आजोबांना हंगामी पालक म्हणून मान्यता मिळण्याबाबत.

महोदय,

दसरा-दिवाळी आटोपली की बीड जिल्ह्यातील पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज, धारूर, वडवणी या तालुक्यांतून आणि शेजारच्या पाथर्डी, शेवगाव भागातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत धान्याची पोती, पत्र्याची पेटी, भांडी, सरपण, कोंबड्या आणि अंगावर पिणारी लेकरे चढवली जातात, आणि एकदोन आठवड्यांत वाड्या-वस्त्या शांत होतात. ‘गावे ओस पडली’ असे वर्तमानपत्रांत दरवर्षी छापून येते. त्या दिवसांत जो कोणी या गावांतून संध्याकाळी फिरला असेल त्याला मात्र ठाऊक आहे की कित्येक घरांत चूल पेटलेली असते, चुलीपुढे साठी-सत्तरीची आजी बसलेली असते आणि तिच्या मांडीला लागून दोन-तीन नातवंडे भाकरीची वाट पाहत असतात. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडून, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपून, आई-वडील परत येईपर्यंत त्या मुलांचे जग एवढेच असते.

मी याच डोंगरपट्ट्यातील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांमध्ये शिकवून निवृत्त झाले आहे. हंगामाच्या महिन्यांत माझ्या वर्गातील मुलांच्या घरी गेले की पालक म्हणून समोर येई ती बहुधा आजी, नाही तर आजोबा. ज्यांच्या भरवशावर राज्याचा साखर हंगाम उभा राहतो त्या या वृद्धांची नोंद आपल्या दप्तरात व्हावी, नातवंडांचे हंगामी पालक म्हणून त्यांना अधिकृत मान्यता मिळावी आणि ती मान्यता कागदावर न राहता त्यांच्या हातात काही बळ देणारी असावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, उचल (हंगामाआधीची आगाऊ रक्कम) देतो ती कोयत्याला, आणि टनाचा हिशेब होतो तोही कोयत्याचा. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली, तेव्हाही बोलणी प्रामुख्याने दर आणि मुकादमांचे कमिशन यांभोवतीच फिरली. या साऱ्या मोजणीत तिसऱ्या माणसाला जागा नाही. पण आजी घरी थांबली नसती तर चार-पाच वर्षांचे मूल फडावर, म्हणजे तोडणी चालते त्या उसाच्या शेतात, गेले असते आणि पहाटेच्या थंडीत पाचटावर झोपले असते, किंवा त्याची आई घरी राहिली असती, कोयता अर्धा झाला असता आणि उचल अंगावर राहिली असती. म्हणजे दोघांच्या घामाने जो ऊस तुटतो त्यात गावी राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाचा वाटा आहे. तो कोणत्याही वहीत लिहिला जात नाही.

ही म्हातारी माणसे कोण आहेत, हे सांगितल्याशिवाय पुढचे म्हणणे नीट कळणार नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर या भागातून कारखान्यांकडे जाणाऱ्यांचा ओघ वाढला, आणि आज सत्तरीकडे झुकलेली पिढी त्याच ओघात लग्न झाल्या झाल्या फडावर गेली. आज घरी नातवंडे सांभाळणाऱ्या आजीने स्वतः पंचवीस-तीस हंगाम मोळ्या वाहिल्या आहेत. तिची मान आणि गुडघे त्यातच गेले आहेत. आजोबांच्या हाताला कोयत्याचे घट्टे आहेत आणि डोळ्यांत मोतीबिंदू आहे. आपल्या स्वतःच्या लेकरांना त्यांनी कधी सासूजवळ ठेवले, कधी कोपीत (फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत) ठेवले, कधी थोरल्या मुलीच्या कडेवर दिले. “आमच्या पोरांचं लहानपण आम्ही पाहिलंच नाही, ते ह्या नातवंडांत पाहतो,” असे सांगणाऱ्या आज्या मला गावोगाव भेटल्या, आणि त्या बोलण्यात तक्रार नसे. जे प्रेम द्यायला उमेदीच्या वयात सवड मिळाली नाही, ते त्या आता नातवंडांवर उधळतात. मधल्या पिढीला ज्या गोष्टी मिळाल्या नाहीत त्या तिच्या मुलांना मिळत आहेत, हे मी कित्येक घरांत पाहिले आहे, आणि म्हणून या नात्याला केवळ ‘सोय’ म्हणणे मला मान्य नाही.

टोळी बहुतेक वेळा रात्री किंवा भल्या पहाटे निघते. मुले झोपलेली असतानाच आई-वडिलांना निघता यावे, रडारड होऊ नये, असे घरच्यांना वाटते. सकाळी मूल उठते तेव्हा आई नसते, आणि त्या सकाळी आजी काय करते यावर पुढचे सहा महिने अवलंबून असतात. मी ज्या समंजस आज्या पाहिल्या त्या मुलाशी खोटे बोलत नसत. ‘उद्या येईल’ असे सांगून वेळ मारून नेणाऱ्या घरातले मूल दोन-चार दिवसांनी विश्वास गमावते, शाळेत गप्प बसते आणि कोणाचेच ऐकेनासे होते. याउलट संक्रांतीला तिळगूळ वाटू, मग शिमगा येईल, मग पाडव्याची गुढी उभारू आणि गुढीच्या आगेमागे आई येईल, अशी सणांची ओळ जी आजी मुलापुढे मांडते, ती त्याला वाट पाहायला शिकवते. अक्षरओळख नसलेल्या बाईने दिलेले हे शिक्षण आहे. आईच्या जुन्या लुगड्याची गोधडी मुलाच्या अंगावर घालावी, रात्री मोबाईलवर आईचा फोन येईपर्यंत त्याला गोष्टीत गुंतवून जागे ठेवावे, सुनेबद्दल मनात काही असले तरी मुलासमोर तिच्याविषयी चांगलेच बोलावे, या गोष्टी कोणी त्यांना सांगितलेल्या नसतात. मूल आईला विसरू नये याची काळजी ती सासू घेत असते, आणि आपल्याकडे सासू-सुनेच्या नात्याविषयी जे बोलले जाते ते पाहता ही गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते.

इतके करूनही चैत्रात आई परत आली की लहान मूल आधी तिच्याकडे जात नाही. ते आजीच्या पदरामागे उभे राहून पाहते. आईच्या डोळ्यांत पाणी येते. आजी मुलाला पुढे ढकलते आणि स्वतः पाण्याच्या निमित्ताने बाहेर निघून जाते. हे प्रसंग मी पाहिले आहेत, आणि त्यात दोष कोणाचाच नाही. त्यानंतरचे काही दिवस मूल दोघींमध्ये वाटले जाते, आणि पावसाळ्यापर्यंत सारे सुरळीत होते. तोपर्यंत पुढच्या हंगामाची उचल घरात आलेली असते.

शिक्षिका म्हणून मला आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आजी-आजोबांजवळ वाढणारे मूल शाळेत मोकळ्या हाताने येत नाही. त्याला धान्यांची, गवतांची, पाखरांची, नक्षत्रांची नावे माहीत असतात. हुलग्याचे माडगे कसे करतात, शेळीला कोणता पाला चालतो आणि कोणता चालत नाही, कोणते नाते कोणाशी काय लागते, हे त्याला सांगता येते. जात्यावरच्या ओव्या ऐकत झोपलेल्या मुलांना कविता पाठ करायला वेळ लागत नसे. दुसरीकडे, वाचायला शिकलेले मूल घरात आल्यावर आजीचे जगही बदलते. औषधाच्या पाकिटावरची तारीख, बँकेतून आलेला संदेश, एस.टी.ची पाटी, राशन दुकानाची पावती, हे सारे नातवंड वाचून दाखवते. मी पहिली-दुसरीच्या मुलांना गृहपाठ म्हणून एवढेच सांगत असे की आज शिकलेला धडा आजीला मोठ्याने वाचून दाखव आणि तिने काय विचारले ते उद्या वर्गात सांग. ज्यांना पाटी हातात धरायला मिळाली नव्हती त्या बायांनी विचारलेले प्रश्न कधी कधी पुस्तकातील स्वाध्यायापेक्षा चांगले असत. एका आजीने नातीकडून स्वतःचे नाव गिरवायला शिकून घेतले आणि पुढच्या पालक सभेत अंगठ्याऐवजी सही केली. सही करताना नात शेजारी उभी राहून एकेक अक्षर पुटपुटत होती.

हे नाते इतके जिव्हाळ्याचे आहे म्हणून ते आपोआप सारे निभावून नेईल असे समजणे मात्र अन्यायाचे होईल. आजीला पाच वाजल्यानंतर नीट दिसत नाही. आजोबांना हंडा उचलवत नाही, म्हणून आठ वर्षांची मुलगी पाणी भरते. आजी आजारी पडली की शाळेतील गैरहजेरी सर्वांत आधी वाढते ती नातीची, नातवाची त्यानंतर. पोरांच्या पोटात जावे म्हणून म्हातारी माणसे एका वेळची भाकरी सोडतात आणि विचारले तर ‘भूकच लागत नाही’ म्हणतात. राशन दुकानातील यंत्रावर झिजलेल्या बोटांचा ठसा उमटत नाही आणि दोन-दोन खेपा पडतात. ऐन हंगामात आजोबा वारले आणि मुलगा-सून येईपर्यंत शेजाऱ्यांनी मुले सांभाळली, असेही घडले आहे. त्या जोडप्याला परतल्यावर खाड्याचे, म्हणजे गैरहजेरीच्या दिवसांचे, पैसे कापून घेतल्याचे कळले तेव्हा गाव हळहळले, पण गावाच्या हाती काही नव्हते.

रात्री-अपरात्री मूल तापाने फणफणले तर काय होते, हे आपण डोळ्यांसमोर आणावे. प्राथमिक आरोग्य केंद्र लांब, हाताशी पैसे नाहीत, आई-वडील तीन जिल्हे पलीकडे. माझ्या वर्गातील एका मुलाला त्याची आजी शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर बसवून तालुक्याच्या गावी घेऊन गेली, तेव्हा एका रुग्णालयात तिला सांगण्यात आले की भरती करायचे तर आई-वडिलांपैकी कोणाची तरी सही लागेल. ज्या बाईने त्या मुलाला सहा महिने वाढवले तिची सही तेथे चालली नाही. सुदैवाने दुसरीकडे उपचार मिळाले. या घटनेत मला कोणा एका डॉक्टरला दोष द्यायचा नाही. आजीजवळ आपण या मुलाचे पालक आहोत हे दाखवणारा एकही कागद नव्हता, आणि तो कागद देण्याची कोणाचीही जबाबदारी आज ठरलेली नाही.

शासनाने काहीच केले नाही असे मी म्हणत नाही. समग्र शिक्षा अभियानातून गावोगावी चालणारी हंगामी वसतिगृहे ही या भागातील मुलांसाठी झालेली सर्वांत शहाणपणाची व्यवस्था आहे, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे. तिचे बळ यात आहे की मूल आपल्या गावात, आपल्याच शाळेत राहते, सकाळ-संध्याकाळ गरम जेवण मिळते, आणि बऱ्याच ठिकाणी ते रात्री झोपायला आजीजवळ जाते. काही तपासणी पथकांना यात अनियमितता दिसते, कारण वसतिगृह म्हटले की मुलांनी रात्रीही तेथेच असले पाहिजे असा त्यांचा समज असतो. सहा-सात वर्षांच्या मुलाला आजीचे घर शंभर पावलांवर असताना शाळेच्या खोलीत सतरंजीवर झोपवण्याचा आग्रह कोणाच्या हिताचा आहे, हे मला आजवर कळलेले नाही. जेवण, अभ्यास आणि देखरेख शाळेने करावी व माया आजीने द्यावी, ही वाटणी मुलाच्या दृष्टीने उत्तम आहे आणि नियमांनी तिला उघडपणे मान्यता दिली पाहिजे. अडचण दुसरीच आहे. टोळी दिवाळीच्या आसपास निघते आणि मंजुरी, निधी, किराणा यांच्या फेऱ्यांत वसतिगृह उशिरा सुरू होते. मधल्या त्या आठवड्यांत मूल एक तर आई-वडिलांबरोबर निघून जाते किंवा सगळा भार आजीवर पडतो. जे मूल एकदा ट्रॉलीत चढले ते वसतिगृह सुरू झाले म्हणून परत येत नाही.

२०२१ मध्ये मंजूर झालेल्या संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत मुलामुलींची मिळून ८२ वसतिगृहे उभारायची आहेत, प्रत्येकी १०० जागांची. वरच्या वर्गांतील मुलांसाठी, आणि त्याहून अधिक मुलींसाठी, त्यांची निकड मोठी आहे. वयात आलेली नात सांभाळणे हे आजी-आजोबांना सर्वांत जड जाते. ‘पोरीची जोखीम आम्हाला झेपत नाही’ असे ते मुलाला फोनवर सांगतात, आणि मग तिचे शिक्षण थांबवून स्थळे पाहायला सुरुवात होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या ४० टक्क्यांहून अधिक स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झाल्याचे आढळले होते. त्यामागच्या कारणांत ही एकट्या म्हाताऱ्यांची धास्ती मोठी आहे, असे मी जवळून पाहिले आहे. अशा मुलींना तालुक्याच्या वसतिगृहात सुरक्षित जागा मिळाली तर आजीच्याच जिवाला स्वस्थता मिळेल. पण ८२ वसतिगृहे पूर्ण भरली तरी ती ८,२०० मुलांची सोय होईल, आणि हंगामाला जाणाऱ्या मजुरांची संख्या लाखांत आहे. अंगणवाडीतील आणि पहिली-दुसरीतील मुलांना तर घरापासून तोडून वसतिगृहात ठेवणे योग्यही नाही. त्यांचे वसतिगृह म्हणजे त्यांची आजी, आणि त्या वसतिगृहासाठी आजवर एक रुपयाचीही तरतूद नाही.

म्हणून माझी पहिली आणि मुख्य मागणी नोंदणीची आहे. ग्रामपंचायतीमार्फत ऊसतोड कामगारांची नोंदणी करून ओळखपत्र देण्याची जी पद्धत सुरू झाली आहे, त्याच अर्जात एक रकाना वाढवावा : हंगामात मुले कोणाजवळ राहणार, त्या व्यक्तीचे नाव, वय, मुलांशी नाते, आणि त्या मुलांची नावे. आई-वडिलांनी निघण्यापूर्वी त्यावर सही करावी आणि त्या व्यक्तीला ‘हंगामी पालक’ म्हणून महामंडळाचे पत्र मिळावे. हे पत्र शाळेत प्रवेश व दाखल्यासाठी, अंगणवाडीत पोषण आहारासाठी, आरोग्य केंद्रात आणि रुग्णालयात उपचाराच्या संमतीसाठी ग्राह्य धरण्याचे आदेश संबंधित विभागांनी काढावेत. याला फारसा खर्च नाही. ज्या यादीत आज कामगाराचे नाव आहे त्याच ओळीत त्याच्या आईचे नाव येईल, इतकाच बदल आहे. खोट्या नोंदी होतील अशी शंका असेल तर यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी. कोणाची नातवंडे कोणाच्या दारात आहेत हे गावाला पाठ असते.

दुसरी मागणी पैशाची आहे आणि ती मांडताना मला संकोच वाटत नाही. महिला व बालविकास विभागाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत, ज्या मुलांचा सांभाळ त्यांचे पालक करू शकत नाहीत अशांसाठी, दरमहा २,२५० रुपये दिले जातात. संस्थेपेक्षा मूल कुटुंबात वाढलेले बरे, आणि त्या कुटुंबाला हातभार लावणे हे शासनाचे काम आहे, हे तत्त्व राज्याने तेथे स्वीकारलेले आहे. ऊसतोड कामगाराचे मूल अनाथ नाही, पण वर्षातील निम्मा काळ त्याचे आई-वडील त्याच्याजवळ नसतात, आणि ते हौसेने गेलेले नसतात. त्याच तत्त्वावर हंगामापुरते, नोव्हेंबर ते एप्रिल, प्रत्येक मुलामागे संगोपन अनुदान हंगामी पालकाच्या खात्यावर जमा करावे. आपल्या महामंडळासाठी कारखान्यांनी गाळप केलेल्या उसावर टनामागे १० रुपये आणि तेवढाच वाटा शासनाचा, अशी निधीची रचना ठरलेली आहे. त्या निधीचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

याला लागूनच निवृत्तिवेतनाचा प्रश्न आहे. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरील निराधारांना दरमहा १,५०० रुपये मिळतात, पण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. मुलगा आणि सून ऊस तोडून जे मिळवतात त्यातील मोठा भाग उचल फेडण्यात जातो, तरी कागदावर ते उत्पन्न या मर्यादेच्या वर दिसते आणि म्हातारी अपात्र ठरते. हंगामी पालक म्हणून नोंद झालेल्या वृद्धांसाठी ही अट शिथिल करावी, आणि हयातीच्या दाखल्यासाठी त्यांना तालुक्याला न बोलावता तो गावातच घेतला जावा.

जेवणाबाबतची मागणी लहान आहे, पण तिचा परिणाम मोठा होईल. जेथे हंगामी वसतिगृहाची चूल पेटते तेथे मुलांबरोबर त्यांच्या आजी-आजोबांचेही ताट वाढले जावे. नातवाला शाळेत खिचडी मिळते म्हणून घरी चूलच न पेटवणारी आणि कालच्या तुकड्यावर भागवणारी आजी मी पाहिली आहे. संध्याकाळी ते दोघे एका पंगतीत बसले तर मुलांची हजेरी टिकेल, स्वयंपाकाच्या दर्जावर आपोआप लक्ष राहील, आणि शिक्षकांना पालकांची भेट रोज होईल. वसतिगृहाची समिती नेमताना तिच्यावरही एक-दोन आज्या घ्याव्यात.

आरोग्याविषयी थोडेच सांगते. हंगाम सुरू होण्यापूर्वी, म्हणजे पावसाळा संपता संपता, हंगामी पालकांची डोळ्यांची आणि रक्तदाबाची तपासणी गावात व्हावी, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया तेव्हाच उरकाव्यात, चष्मे मिळावेत. ज्या डोळ्यांवर आपण सहा महिने मुले सोपवतो ते डोळे आधी पाहून घेणे आवश्यक आहे. हंगामात आशाताईंनी या घरांना ठरलेल्या दिवशी भेट द्यावी आणि त्या भेटींचा मोबदला त्यांना मिळावा.

कारखान्यांच्या संचालक मंडळांनाही या पत्रातून एक विनंती आहे, आणि महामंडळाने ती त्यांच्यापर्यंत अधिकाराने पोहोचवावी. गावाकडे मूल किंवा त्याला सांभाळणारी आजी आजारी पडली तर आईला घरी जाता यावे आणि त्या दिवसांचा खाडा धरला जाऊ नये. संक्रांतीच्या सुमारास आई-वडिलांपैकी एकाला दोन दिवसांसाठी गावी जाऊन येण्याची मुभा आणि प्रवासाचा खर्च मिळावा. सहा महिने मध्येच एकदा तुटले तर मुलाला ते सोसवतात, आजीलाही.

यावर असे म्हटले जाईल की नातवंडे सांभाळणे हे आजी-आजोबांचे कर्तव्यच आहे, त्यासाठी पैसे आणि कागद कशाला? हा आक्षेप मी अधिकाऱ्यांकडून ऐकला आहे आणि गावातील शहाण्यासुरत्या माणसांकडूनही ऐकला आहे. शहरात नोकरी करणाऱ्या मुलाच्या घरी आजी राहायला जाते तेव्हा घरात आई-वडील संध्याकाळी परत येतात, दवाखाना कोपऱ्यावर असतो, आणि आजी थकली तर दुसरी व्यवस्था करता येते. तेथे आजीचे असणे हा मुलाचा आनंद आहे. येथे आजी एकटीच आई असते, बापही असते, आणि तिच्यामागे कोणी नसते. तिने कर्तव्य टाळलेले नाही, ती टाळणारही नाही. अनुदान मिळाले नाही म्हणून एकही आजी नातवाला उपाशी ठेवणार नाही, हे आपल्याला पक्के ठाऊक आहे, आणि मला वाटते की याच खात्रीपायी तिच्याकडे इतकी वर्षे दुर्लक्ष झाले. तिच्या मायेची किंमत मोजा असे मी म्हणत नाही. तिच्या खांद्यावर जे सार्वजनिक काम पडले आहे त्याचा खर्च उचला, असे म्हणत आहे.

ऊस तोडणारी यंत्रे आली आहेत आणि त्यांची संख्या वाढेल. ऊसतोड कामगारांचे स्थलांतर थांबावे, आई-वडिलांना गावातच काम मिळावे आणि मुलांना दोन्ही पिढ्यांचा सहवास मिळावा, ही आम्हा सर्वांची इच्छा आहे. पण त्यासाठी पाणी, जमीन आणि रोजगाराचे जे प्रश्न सुटावे लागतील ते एका-दोन हंगामांत सुटणारे नाहीत, आणि आज पाच वर्षांचे असलेले मूल तोवर थांबणार नाही.

पावसाळ्यातच मुकादमांच्या बैठका आणि उचलीची बोलणी सुरू होतात, त्यामुळे सुधारित नोंदणी अर्ज पोळ्यापूर्वी ग्रामपंचायतींत पोहोचला तर येत्या हंगामापासून हे काम सुरू होऊ शकते. आमच्या भागातील निवृत्त शिक्षक-शिक्षिका घरोघरी जाऊन हे अर्ज भरून देण्यास तयार आहेत. आम्हाला मानधन नको, फक्त अर्ज आणि अधिकारपत्र वेळेवर मिळावे. महामंडळाने यावर काय निर्णय घेतला ते लेखी कळवावे आणि एखादी मागणी मान्य होण्यासारखी नसेल तर तिचे कारणही द्यावे, म्हणजे ते ग्रामसभेत वाचून दाखवता येईल.

कळावे.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
बालाघाट डोंगरपट्टा, जिल्हा बीड.